अंगठा आणि उतारा

आमच्या सोसायटीला तीन खिडक्या आहेत. पहिलीवर रेशन मिळतं, दुसरीवर खत आणि बियाणं, तिसरीवर पीककर्ज. आधी क्लार्क म्हणून आणि पुढं सेक्रेटरी म्हणून मी या तिन्ही खिडक्यांच्या आतल्या बाजूला बसलो. कडोली, जाफरवाडी, देवगिरी, अलतगे या पट्ट्यातला शेतकरी मला तिथूनच दिसला. महिन्यातून एकदा तो तांदळासाठी यायचा, मृगाच्या तोंडावर युरियासाठी आणि मार्चअखेरीला कर्जाच्या कागदांसाठी. तालुक्याहून येणारे साहेब मात्र एका वेळी एकाच खिडकीची चौकशी करायचे. गरिबी एका खात्याकडे आणि उत्पादन दुसऱ्या खात्याकडे, अशी त्यांची वाटणी आधीच झालेली. पहिल्या खिडकीवर तांदूळ घेऊन तोच माणूस पोतं पायाशी ठेवून दुसऱ्या खिडकीवर उभा राहतो, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नसे.

या खिडक्यांच्या आत बसून माझं एक मत झालं. आमच्या संचालकांना ते कधी पटलं नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत इथल्या लहान शेतकऱ्याच्या रानात जे काही बरं झालं, त्यात शेतीच्या नावानं आलेल्या योजनांपेक्षा गरिबांच्या नावानं आलेल्या योजनांचा हात मोठा आहे.

कडोली बेळगावच्या उत्तरेला, मार्कंडेय नदीच्या बाजूला. मराठी बोलणारं, दरवर्षी स्वतःचं साहित्य संमेलन भरवणारं गाव. पावसाळी बटाटा, रताळी, भात आणि शहर जवळ असल्यामुळं कोबी, फ्लॉवर, बीन्स, मिरची. जमीन बरी, पण तुकडे बारीक. 2015-16 च्या कृषिगणनेत देशातले 86 टक्के खातेदार 2 हेक्टरच्या आतले निघाले. आमच्याकडं 2 हेक्टरवाल्याला लोक सावकार म्हणतील. इथं बोलणं गुंठ्यांत चालतं. कुणाचे 30 गुंठे, कुणाचे 50, आणि तेही दोन-तीन ठिकाणी विभागलेले.

अन्नभाग्य योजना जुलै 2013 मध्ये आली. 1 रुपया किलोनं तांदूळ, मे 2015 पासून तोही फुकट. गावातली चार एकरवाली मंडळी पारावर बसून म्हणायची, "फुकटचं खाऊन मानसं आळशी व्हऊलाल्यात." हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय, की ते कुणी पहिल्यांदा म्हटलं हे शोधण्यात अर्थ नाही. मी खिडकीच्या आतून वेगळा हिशेब मांडत होतो.

माणशी 10 किलो धरले, तर पाच माणसांच्या घराला वर्षाला 600 किलो तांदूळ होतो. (मधल्या काळात माणशी किलो कमी-जास्त होत गेले. 2023 च्या जुलैपासून निम्म्याच्या बदल्यात माणशी 170 रुपये खात्यावर येत होते, फेब्रुवारी 2025 पासून पुन्हा तांदूळ.) 600 किलो तांदूळ म्हणजे गिरणीतली तूट धरून नऊ क्विंटल भात. आमच्या पावसावरच्या रानात ते साधारण अर्ध्या एकराचं पीक. ज्याच्याकडं सव्वा एकरच आहे, त्यानं आजवर त्यातला अर्धा एकर फक्त स्वतःच्या घरच्या ताटासाठी राखून ठेवला होता. बाजारात तांदळाला दर असो वा नसो, भात लावायचा, कारण बटाटा फसला तर बटाट्यासाठी काढलेलं कर्ज खाता येत नाही. रेशनच्या खात्रीनं तो अर्धा एकर हळूहळू मोकळा झाला. पहिल्या वर्षी कुणी धजलं नाही. योजना बंद पडेल, सरकार बदलेल, अशी धास्ती होती. योजना टिकली, तेव्हा भाताच्या खाचरांतली थोडी रानं बटाट्याकडं, थोडी भाजीकडं वळली. दुसऱ्या खिडकीवर मिश्रखताची आणि बुरशीनाशकाची विक्री वाढली, त्यावरून मला ते कळलं.

बटाटा हे नाजूक काम. बियाणं जालंधरकडून येतं, दर आधीच चढलेला असतो. लागण झाल्यावर आठवडाभर पावसानं आभाळ सोडलं नाही तर करपा येतो आणि हिरवागार वाफा बघता बघता काळा पडतो. असलं पीक घेण्याची छाती ज्याच्या घरात वर्षाचं धान्य आहे त्यालाच असते. पूर्वी ती चार एकरवाल्यालाच होती. लहान शेतकरी जुनाट आहे, नवं पीक घ्यायला भितो, असं शेती खात्याच्या मेळाव्यांत सांगितलं जाई. तो भीत होता हे खरं, पण त्याची भीती अज्ञानातून आलेली नव्हती. त्याचा हिशेब साहेबांपेक्षा पक्का होता.

याहून मोठी गोष्ट उचलीची. मे महिन्यात बियाण्याला पैसे नसले, की माणूस मार्केटातल्या अडत्याकडं जातो. अडत्या उचल देतो, कागदाविना, चहा पाजून. व्याज बोलण्यात येत नाही. माल मात्र त्याच्याच दुकानात घालायचा, तो म्हणेल त्या दिवशी, आणि पट्टी तो करेल ती. रताळ्याचं एक बरं असतं, वेलाखाली जमिनीत ते थोडे दिवस थांबतं. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र अशा उपासाच्या दिवसांत उत्तरेकडच्या बाजारांतून बेळगावच्या रताळ्याला मागणी येते, तेव्हा काढणी आठ-पंधरा दिवस पुढं-मागं करता आली तर दरात फरक पडतो. उचल घेतलेल्याला हे जमत नाही, आणि घरात तांदूळ संपलेल्यालाही जमत नाही. देवगिरीच्या वाटेवर रान असलेले एक आप्पा एकदा पहिल्या खिडकीवर अंगठा टेकवता टेकवता म्हणाले, "औंदा उचल घेतलो न्हाई बघा. घरात तांदूळ हाय न्हवं, मग रताळं ऱ्हाऊ दे की रानातच चार दिवस." कृषी विद्यापीठाच्या कुठल्या पुस्तिकेत याला उत्पादकता म्हणत नाहीत. गुंठ्याला वजन तेवढंच निघालं, पैसे जास्त मिळाले.

त्यात 2023 च्या ऑगस्टअखेरीस गृहलक्ष्मी योजना आली. घरातल्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिन्याला 2,000 रुपये. हप्ते कधी वेळेवर, कधी तीन महिन्यांनी एकदम. आमच्याच जिल्ह्यातल्या एका आजींनी साठलेल्या हप्त्यांतून गावाला पुरणपोळीचं जेवण घातलं, त्याची बातमी राज्यभर गाजली. आमच्याकडं एवढं मोठं मन मी पाहिलं नाही, पण पैसे कुठं गेले ते पाहिलं. मुलांच्या शाळेच्या वह्या, सासूची औषधं, भिशी. आणि जूनमध्ये रताळ्याचे वेल नाहीतर मिरचीची रोपं. बायका खताच्या खिडकीवर स्वतः पैसे मोजू लागल्या, हे आमच्या सोसायटीत नवं होतं. शक्ती योजनेमुळं जून 2023 पासून बाईला बसचं तिकीट नाही, म्हणून कोथिंबीर-मेथीच्या चार पेंढ्या घेऊन सकाळच्या बसनं शहरात जाऊन विकून दहापर्यंत परत येणाऱ्या बायकाही वाढल्या. पूर्वी चार पेंढ्यांचे पैसे तिकिटातच जात.

आता यातलं जे वाईट झालं, तेही सांगायला हवं, नाहीतर हे सरकारी माहितीपत्रक होईल.

भात गेलं तसं पिंजर गेलं. भाताचं पिंजर हा आमच्या गोठ्याचा उन्हाळ्यातला आधार. अर्धा एकर भात बंद केलेला माणूस मार्चमध्ये पिंजराच्या पेंढ्या विकत शोधत फिरू लागला. दर वाढले, एकेकानं म्हैस विकली. म्हैस गेली की शेणखत गेलं आणि शेणखत गेल्यावर बटाट्याच्या रानाला दुसऱ्या खिडकीवरून आणखी एक पोतं जास्त लागू लागलं. दूध उत्पादकाला सरकार लिटरमागं 5 रुपये प्रोत्साहनधन देतं आणि क्षीरभाग्य योजनेत शाळेच्या पोरांना ऑगस्ट 2013 पासून दूध देतं. या दोन्ही गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात, कारण क्षीरभाग्यात गरिबाच्या पोराच्या पेल्यातलं दूध लहान शेतकऱ्याच्याच गोठ्यातून विकत घेतलं जातं. ब्राझीलनं 2009 च्या कायद्यानं शाळेच्या जेवणासाठीच्या केंद्रीय पैशांतला किमान 30 टक्के भाग कुटुंबाच्या शेतीतून खरेदी करायचा, असं बांधूनच घातलं. आमच्याकडं दुधात ते झालं, तांदळात नाही. आमच्या खिडकीवरचा तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून, परराज्यातून येतो. दुधाला वर ओढणारी आणि पिंजराला खाली ढकलणारी अशा दोन योजना एकाच घरात शिरल्या, आणि त्यांची एकमेकींशी ओळख नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारनं जादाच्या 5 किलो तांदळाऐवजी डाळ, तेल, साखर, मीठ देण्याचं ठरवलं. त्या डाळीची तूर कलबुर्गीच्या रानातून खरेदी झाली, तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

मजुरीचा वाद वेगळाच. उद्योग खात्री, म्हणजे मनरेगा, आमच्या जिल्ह्यात 2007 पासून. या कल्पनेचं मूळ मराठी मुलखातलं. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग केला, पुढं महाराष्ट्रानं तिचा कायदा केला आणि 2005 मध्ये देशानं. कर्नाटकात 2025-26 ची मजुरी दिवसाला 370 रुपये. बाईला आणि गड्याला सारखी, हे रानातल्या मजुरीपेक्षा मोठं वेगळेपण. आमच्याकडं कामं मुख्यतः एप्रिल-मेमध्ये निघतात. तळ्यातला गाळ, नाला, पाणंद, शेताचे बांध. गटाची हजेरी 'कायक बंधू' घेतात. एखादा कायक बंधू चुणचुणीत असला, की आख्ख्या गल्लीचे काम मागण्याचे नमुना 6 भरून होतात. नसला, तर जॉब कार्डं पेटीत पडून राहतात. खानापूर तालुक्यात बायकांच्या संघटनांनी हे काम मागून, भांडून घेतलं, तशी सवय आमच्या पट्ट्यात कमी.

"उद्योग खात्रीमुळं भांगलणीला बायका मिळेनात," ही तक्रार सोसायटीच्या प्रत्येक वार्षिक सभेत होते. ती पूर्ण खोटी नाही. पण भांगलणीच्या जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं उद्योग खात्रीचं काम जवळपास नसतंच, आणि होनग्याची औद्योगिक वसाहत व शहरातली बांधकामं बाराही महिने माणसं ओढतात, हे सभेत कुणी बोलत नाही. खरी गोष्ट अशी, की मे महिन्यात हातात थोडे पैसे आलेली बाई जुलैमध्ये आधीच्या दरानं वाकायला तयार होत नाही. तिला आता नाही म्हणता येतं. चार एकरवाल्याला हे टोचतं. सव्वा एकरवाल्याला टोचत नाही, कारण तो स्वतःच कधी मजूर असतो, कधी मालक, आणि बऱ्याचदा पैऱ्यानं काम भागवतो. 'शेतकऱ्यांचं मत' म्हणून जे वर कळवलं जातं, ते सभेत मोठ्यानं बोलणाऱ्याचं असतं.

मजुरी 15 दिवसांत द्यावी असं कायदा सांगतो. रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास निघतं, आणि धूळवाफ पेरणारा तेव्हाच बियाणं घेतो. मजुरी त्याच्या आत पडली तर ती बियाण्यात जाते. जुलैत पडली, तर अडत्याची उचल फेडण्यात. रक्कम तीच, पण महिनाभराच्या उशिरानं तिचा गुण बदलतो. डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. त्यात 100 ऐवजी 125 दिवसांची हमी आहे, पेरणी आणि कापणीच्या हंगामात मिळून 60 दिवस कामं थांबवण्याची तरतूद आहे आणि खर्चातला 40 टक्के वाटा राज्यावर आहे. वार्षिक सभेतल्या तक्रारीची दखल दिल्लीनं घेतली म्हणायची. ज्या 60 दिवसांत कामं थांबतील, ते दिवस कोण ठरवणार आणि कुणाच्या पेरणीकडं बघून, हा माझा प्रश्न. बटाट्याची लागण, भाताची रोप लागण आणि रताळ्याची वेल लावणी या आमच्या एकाच शिवारात तीन वेगळ्या तारखांना होतात.

आता तिसऱ्या खिडकीकडं येतो, जिथं मी सगळ्यात जास्त बसलो आणि जिच्याबद्दल सगळ्यात कमी समाधान आहे.

सहकारी पतपुरवठ्याच्या अगदी सुरुवातीच्या सोसायट्यांतली एक 1905 मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला निघाली, तेव्हा तोही मुलूख मुंबई इलाख्यातच होता. त्या हिशेबानं आमचा धंदा जुना. कर्नाटकात वेळेवर फेडणाऱ्याला 3 लाखांपर्यंत बिनव्याजी पीककर्ज होतं, 2023 मध्ये मर्यादा 5 लाख केली. ऐकायला हे अन्नभाग्यापेक्षा मोठं वाटतं. पण कर्ज पिकाच्या ठरलेल्या दरानं एकरावर मिळतं. 30 गुंठ्यांवर मिळतं ते बटाट्याच्या बियाण्यालाही पुरत नाही. शिवाय मार्चअखेरीला नवं-जुनं करायचं असतं. जुनं फेडल्याचं दाखवायला चार दिवसांसाठी बाहेरून पैसे उचलायचे, आणि नवं मंजूर झालं की ते परत करायचे. त्या चार दिवसांचं व्याज वर्षाच्या व्याजासारखं असतं. बिनव्याजी कर्ज घेणारा माणूस मार्चमध्ये व्याज भरतो, ही गंमत मला दरवर्षी बघावी लागली.

आणि या खिडकीवर अंगठा चालत नाही, इथं उतारा लागतो. पीककर्ज उताऱ्यावर. पीकविमा उताऱ्यावर. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये उताऱ्यावर, तेही 1 फेब्रुवारी 2019 या दिवशी नाव असेल तर. आमच्याकडचे उतारे म्हणजे नावांची जत्रा. आजोबा वारून वीस वर्षं झाली तरी तेच खातेदार, खाली काका, आत्या, पुण्यातला चुलतभाऊ. वारसा नोंदवायला कागद कन्नडमध्ये. मराठी शाळेत सातवी झालेला माणूस तो दुसऱ्याकडून लिहून घेतो आणि काय लिहिलं ते विश्वासावर सोडतो.

सगळ्यात बाहेर राहतो तो वाट्यानं शेती करणारा. इथं थोडं मागं जायला लागतं. महाराष्ट्रात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन मानून कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. बेळगाव त्याआधी पाच महिने, 1 नोव्हेंबर 1956 ला, म्हैसूर राज्यात गेलं होतं. आमच्याकडं कुळांना खऱ्या अर्थानं जमीन मिळाली ती मुख्यमंत्री देवराज अर्सांच्या काळात, 1 मार्च 1974 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं. नमुना 7 भरून, भूमी न्यायमंडळापुढं उभं राहून. गरिबी हटवण्याचा याहून थेट उपाय मी वाचलेला नाही, पाहिलेलाही नाही. पण त्याच कायद्यानं जमीन खंडानं देणं बंद केलं. जमीन देणं-घेणं थांबलं नाही, त्याचा कागद तेवढा थांबला. नमुना 7 वर जमीन मिळालेल्यांचे नातू आज पुण्यात, बेंगळुरूत नोकरीला आहेत. रान वाट्यानं दिलंय, तोंडी. कागद केला तर कसणारा कूळ म्हणून उभा राहील ही धास्ती त्यांना आहे, आणि त्यांच्याइतकी ती कुणाला कळणार? आजोबांनी तेच केलं होतं.

असं एक जोडपं आमच्या गिऱ्हाइकांत होतं. दीड एकर वाट्यानं, त्यात बटाटा आणि मागून रताळी. पहिल्या खिडकीवर त्यांना तांदूळ मिळायचा, अंगठ्यावर. भांगलणीनं बाईंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र तीनदा नाही म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं. दुसऱ्या खिडकीवर युरियासुद्धा मिळायचा, कारण 2018 पासून अनुदानाचं खत आधारच्या अंगठ्यावर विकलं जातं, जमीन कुणाची ते यंत्र विचारत नाही. शेतीच्या नावानं सरकार जे काही देतं, त्यातलं एवढं एकच त्यांच्यापर्यंत पोचत होतं. तिसऱ्या खिडकीवर मात्र काही नाही. एका वर्षी करपा आला, तेव्हा नुकसानभरपाई उताऱ्यावरच्या खात्यात जमा झाली. मालकानं त्यातले निम्मे आणून दिले, माणूस भला होता म्हणून.

पुढच्या मे महिन्यात बाईंनी डोरलं आणून ठेवलं. सोनेतारणाला उतारा लागत नाही, व्याज लागतं. मी संचालकांच्या बैठकीत विषय काढला. वाट्यानं कसणाऱ्या पाच-सहा घरांचा एक गट करून एकमेकांच्या हमीवर कर्ज द्यायची पद्धत नाबार्डनं कधीच घालून दिलेली आहे, आपण एक गट करून बघू, असं म्हटलं. एक संचालक म्हणाले, "जमीन न्हाई तर वसूल कशावरनं करायचं गा?" मी बचतगटांचं उदाहरण दिलं. गावातल्या बायका जमिनीशिवाय कर्ज घेतात आणि आठवड्याच्या आठवड्याला फेडतात. "ते बायकांचं हाय," ते म्हणाले.

मग बायकांच्याच नावानं करू, असं मी सुचवलं. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून बाईचं नाव 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं आलंच आहे, गृहलक्ष्मीचे पैसे तिच्याच खात्यात पडतात, खत तीच घेऊन जाते. यावर बरीच चर्चा झाली. बाईनं घेतलेलं कर्ज शेतीकर्ज धरायचं की घरगुती, आणि घरगुती धरलं तर बिनव्याजी योजनेत बसणार नाही, इथं गाडी अडली. जिल्हा बँकेकडं विचारणा करावी असं ठरलं. विचारणेचं पत्र मी कन्नडमध्ये लिहून घेतलं, जावक नंबर घातला. त्याचं उत्तर माझ्या निवृत्तीपर्यंत आलं नाही. त्या जोडप्याची रताळी त्या साली बरी गेली, डोरलं सुटलं, आणि या मेमध्ये ते पुन्हा सोनेतारणातच आहे.